बंद ठेवायचे माइक

पडदा उघडून पाच-सात मिनिटं होतात आणि बाल्कनीतून हाक येते, "आवाज वाढवा!" मराठी नाटकाला नियमित जाणाऱ्या प्रत्येकाने ती ऐकलेली असते, काहींनी दिलेलीही असते. हाक देणाऱ्याची तक्रार खरी असते, त्याला संवाद कळत नाहीत. पण त्याने सुचवलेला उपाय बहुतेक वेळा कामाचा नसतो. ऑपरेटरने मास्टर फेडर, म्हणजे एकूण आवाजाची सरकती पट्टी, वर ढकलला, की स्पीकर शिट्टी मारतो, नाहीतर सगळा आवाज घुमायला लागतो आणि शब्द आणखीच हरवतात. उपाय उलट्या दिशेला असतो. जे बोलत नाहीत, त्यांचे माइक बंद करायचे.

नाट्यगृहातल्या ध्वनीचं हे मर्म कळलं, की डिजिटल मिक्सिंग कन्सोल हे यंत्र नाटकाला एवढं का मानवलं तेही कळतं. लोक त्याच्याकडे आवाज मोठा करण्याचं यंत्र म्हणून पाहतात. नाटकात त्याचं मुख्य काम बरोबर वेळी बरोबर माइक बंद करणं हे आहे.

यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. एका माइकऐवजी दोन माइक उघडे ठेवले, की शिट्टी येण्याआधी जेवढा आवाज वाढवता येतो, त्यात ३ डेसिबलची घट होते. चार उघडे ठेवले तर ६ डेसिबल, आठ ठेवले तर ९. माणसाच्या कानाला साधारण १० डेसिबलचा फरक म्हणजे आवाज दुप्पट किंवा निम्मा झाल्यासारखा वाटतो. आता रंगमंचावर आठ नट आहेत, बोलतोय एकच आणि आठही माइक चालू आहेत असं धरा. त्या एकाच्या आवाजाची जवळजवळ निम्मी ताकद ऑपरेटरने हकनाक घालवलेली असते. शिवाय उरलेले सात माइक रिकामे बसत नाहीत. साडीची सळसळ, पावलांचा दणका, एसीची घरघर आणि बोलणाऱ्या नटाचाच थोडा उशिरा पोहोचलेला आवाज, हे सगळं ते गोळा करत राहतात. बाल्कनीतल्या माणसाला शब्द अस्पष्ट लागतात ते याच गाळामुळे.

बालगंधर्वांच्या काळात ही अडचण नव्हती, कारण माइकच नव्हते. नट शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायला शिकलेला असे आणि प्रेक्षकही कान देऊन ऐकायला बसत. मुंबईत एनसीपीएचं टाटा थिएटर १९८० साली उघडलं, तेही माइकशिवाय ऐकू यावं अशाच बेताने बांधलेलं. त्याची वास्तुरचना फिलिप जॉन्सन यांची आणि ध्वनिशास्त्राची बाजू सिरिल हॅरिस यांची. पण बहुतेक नाट्यगृहं अशा काटेकोरपणे बांधलेली नसतात. मालिकांच्या सेटवर हनुवटीखालच्या माइकशी बोलायची सवय झालेल्या नटाचा आवाजही आता पूर्वीसारखा पोहोचत नाही. माइक ही नटाची लाज आहे असं मी मानत नाही. हलक्या आवाजात बोललेलं वाक्य हजार माणसांना ऐकू येणं ही रंगभूमीला मिळालेली नवी शक्यता आहे, आणि चांगल्या दिग्दर्शकांनी तिचा फार सुंदर उपयोग केला आहे. फक्त ती शक्यता हाताळणारा माणूस तयार हवा.

यंत्र जवळून पाहू. बेहरिंगर कंपनीचा एक्स ३२ हा २०१२ साली बाजारात आलेला कन्सोल. आपल्याकडे साऊंड भाड्याने देणाऱ्यांकडे तो सर्रास दिसतो, म्हणून त्याचंच उदाहरण घेतो. वजन सुमारे २० किलो, दोघांनी सहज उचलून टेम्पोत ठेवावं एवढंच. मागच्या बाजूला ३२ माइक जोडायची सोय आहे, पण पुढे फेडर मात्र पंचवीसच. डावीकडे सोळा, उजवीकडे आठ आणि शेवटी एक मुख्य. बत्तीस माइक आणि त्यांच्यासाठी डावीकडे सोळाच फेडर, मग बाकीचे कुठे गेले? ते आत आहेत. बाजूचं बटण दाबलं की सोळाच्या सोळा फेडर एकदम सरसर हलतात आणि दुसऱ्या सोळा माइकच्या जागी जाऊन थांबतात. प्रत्येक फेडरखाली छोटी मोटर आहे. पहिल्यांदा पाहणारा माणूस हे दृश्य पाहून हटकून एक पाऊल मागे सरतो.

प्रत्येक फेडरच्या वर छोटा पडदा आहे. त्याच्यावर पात्राचं नाव लिहिता येतं, रंग देता येतो. देवनागरी मात्र उमटत नाही, नावं रोमनमध्येच टाकावी लागतात. फेडरच्या मागे एका माइकची सगळी वाट असते. आधी गेन, म्हणजे माइकचा अशक्त सिग्नल किती बळकट करून आत घ्यायचा ते. मग लो कट, म्हणजे साधारण १०० हर्ट्झच्या खालचा भाग छाटणं. लाकडी रंगमंचावर पावलांचा जो धडधडाट होतो, त्यातला बराच इथेच जातो. मग इक्वलायझर, जो वरचे-खालचे सूर कमी-जास्त करतो, मग कॉम्प्रेसर, जो किंचाळी आणि कुजबुज यांतलं अंतर थोडं कमी करतो. जुन्या ॲनालॉग मिक्सरवर गेन, इक्वलायझर अशा कामांना प्रत्येक चॅनेलवर वेगळी गोल बटणं होती. तीस चॅनेलचा मिक्सर म्हणजे शेकडो बटणं. प्रयोग संपला, दुसऱ्या नाटकाच्या माणसांनी ती फिरवली, की कालची मेहनत पुसली जायची. ऑपरेटर चिकटपट्टीवर पेन्सिलीने खुणा करायचे, वहीत घड्याळाच्या काट्यासारखी बटणांची दिशा लिहून ठेवायचे.

हे सगळं लक्षात ठेवणारं यंत्र हळूहळू घडलं. यामाहाने १९८७ साली डीएमपी ७ हा आठ चॅनेलचा छोटा डिजिटल मिक्सर आणला, त्याचे फेडर मोटरवर चालत. १९९५ च्या ०२ आर या मिक्सरने स्टुडिओंमध्ये जम बसवला. प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या जगात २००५ च्या एम ७ सीएलने डिजिटल कन्सोल अनेकांच्या ओळखीचा केला. त्याच्या टचस्क्रीनवर ॲनालॉगवाल्यांनाही आपली वाट सापडत असे. मात्र नाटकाच्या गरजेची मूळ कल्पना डिजिटलच्या आधीची आहे. लंडनच्या वेस्ट एंडमध्ये संगीत नाटकांसाठी कॅडॅक कंपनीचे अवाढव्य ॲनालॉग कन्सोल वापरत. कुठल्या प्रवेशात कुठला फेडर कोणाचा, ही वाटणी तिथे तेव्हाच संगणकाकडे सोपवलेली होती.

ही वाटणी म्हणजेच नाटकाच्या मिक्सिंगचा गाभा. एक्स ३२ वर उजवीकडचे आठ फेडर डीसीए म्हणून वापरता येतात. डीसीए फेडरमधून आवाज जात नाही. तो फक्त ज्या माइकना जोडलेला असेल, त्यांची पातळी वर-खाली करतो. समजा नाटकात वीस माइक आहेत. पहिल्या प्रवेशात सासू, सून आणि शेजारी एवढेच बोलतात. तर या प्रवेशापुरता डीसीए एक सासूचा, दोन सुनेचा, तीन शेजाऱ्याचा. बाकी सतरा माइक बंद. दुसऱ्या प्रवेशाला ऑपरेटर 'गो' दाबतो. लगेच पडद्यांवरची नावं बदलतात, रंग बदलतात, आणि डीसीए एक आता वकिलाचा होतो. बोटं तिथेच असतात, त्यांच्याखालची पात्रं बदलतात. या प्रत्येक साठवलेल्या अवस्थेला सीन म्हणतात. मोठ्या संगीत नाटकात असे सीन शंभराच्या घरात सहज जातात.

आणि तरीही यंत्र मिक्स करत नाही. ते फक्त गरजेचे फेडर हाताशी आणून देतं. ब्रॉडवे आणि वेस्ट एंडच्या संगीत नाटकांत ऑपरेटर प्रत्येक वाक्याला बोलणाऱ्याचा फेडर वर नेतो आणि वाक्य संपताच खाली आणतो. तिथे याला लाइन बाय लाइन मिक्सिंग म्हणतात. अडीच तास, रोज, एकही वाक्य न सोडता. नटाच्या तोंडून पहिलं अक्षर बाहेर पडायच्या आत फेडर वर पोहोचलेला हवा. उशीर झाला तर 'कशाला आलात' ऐवजी 'शाला आलात' ऐकू येतं. लवकर झाला तर नटाने विंगेत घेतलेला श्वास, खोकला, सहकाऱ्याशी केलेली कुजबुज प्रेक्षकांपर्यंत जाते. म्हणून असा ऑपरेटर संहिता वाचत मिक्स करत नाही, तो ती पाठ करतो. त्याच्या प्रतीत समासात फेडरचे आकडे असतात, वाक्यांच्या मध्ये तिरक्या रेघा असतात, आणि कुठला नट कुठल्या वाक्याला घाईने तोडतो, त्याच्या खुणा असतात. प्रॉम्प्टरइतकंच नाटक त्यालाही तोंडपाठ असतं.

एक प्रसंग बारकाईने बघण्यासारखा आहे. नायक आणि नायिका, दोघांच्याही कपाळावर केसांच्या कडेला बारीक माइक चिकटवलेले. दोघं बोलत-बोलत जवळ येतात आणि मिठी मारतात. आता नायिकेचं वाक्य दोन माइक ऐकतात. तिचा माइक तोंडापासून दहा-बारा सेंटिमीटरवर, नायकाचा त्याहून थोडा दूर. तोच आवाज अर्ध्या मिलिसेकंदाच्या फरकाने दोनदा कन्सोलमध्ये शिरतो. दोन्ही मिसळले, की काही कंप्रता एकमेकींना खाऊन टाकतात आणि आवाज पोकळ, पत्र्याच्या नळीतून आल्यासारखा होतो. दोघं हलतात तसं अंतर बदलतं, म्हणून ती पोकळीही सरकत राहते. तयार ऑपरेटर मिठीच्या अर्धा क्षण आधी एक माइक खाली घेतो आणि दोघांची वाक्यं एकाच माइकवर चालवतो. मिठी सुटली की दुसरा परत वर. प्रेक्षकाला यातलं काही कळत नाही. त्याला फक्त प्रेमाचे शब्द स्वच्छ ऐकू येतात. तंत्रज्ञाच्या कामातली ही नाजूक गोष्ट मला अभिनयाच्या जवळची वाटते, कारण ती जमायला समोरच्याच्या श्वासाशी श्वास जुळावा लागतो.

आपल्या नेहमीच्या सामाजिक नाटकात कपाळावर माइक नसतात. तिथे रंगमंचाच्या पुढच्या कडेला ओळीने फूट माइक असतात आणि कधी वरून हँगिंग माइक सोडलेले असतात. तरी नियम तोच. नट डाव्या सोफ्यावर बसलाय तर डावीकडचा फूट माइक वर, मधला थोडा खाली, उजवा बंद. नट चालत जातो तसा हातही फेडरवरून चालत जातो. सगळे माइक एका पातळीला ठेवून लॅपटॉपवरच्या पार्श्वसंगीताकडे वळणारा ऑपरेटर दिसला, की मला त्या नटांसाठी वाईट वाटतं. दोष अनेकदा त्याचाही नसतो. एकाच माणसावर संगीताचे क्यू आणि माइक दोन्ही सोपवलेलं असतं, आणि हात दोनच.

संगीत नाटकात यंत्राच्या शिस्तीची खरी परीक्षा होते. १८८० च्या 'शाकुंतल'पासून चालत आलेली आपली परंपरा अशी, की पद रंगलं तर प्रेक्षक 'वन्स मोअर' देतात आणि नट ते पुन्हा गातो. सीनची यादी मात्र सरळ रेषेत जाते. पद संपलं की पुढचा सीन ऑर्गन आणि तबल्याचे माइक खाली घेतो आणि संवादाचे वर आणतो. शेवटच्या समेवर ऑपरेटरने 'गो' दाबला, टाळ्यांतून 'वन्स मोअर' आला आणि ऑर्गनवाल्याने सूर धरला, तर साथ गायब होते. मुरलेला ऑपरेटर म्हणून समेवर हात उचलून ठेवतो. टाळ्या ओसरतात, समोरचं पात्र पुढच्या वाक्यासाठी अंग वळवतं, तेव्हाच बटण दाबतो. बाहेरच्या देशात बनलेल्या यंत्राला आपल्या नाट्यसंगीताची रीत ठाऊक नाही. ती माणसालाच ठाऊक असावी लागते.

स्मरणशक्तीची आणखी एक बाजू आहे. कन्सोलने काय आठवायचं, याबरोबर काय आठवायचं नाही, हेही ठरवावं लागतं. नट मेकअपरूममधून निरोप पाठवतो, "दादा, आज घसा बसलाय, सांभाळून घ्या." ऑपरेटर पहिल्या प्रवेशात त्याचा गेन थोडा वाढवतो, इक्वलायझर हलवतो, आवाज मार्गी लागतो. दुसऱ्या प्रवेशाला 'गो' दाबला आणि सीनमध्ये गेनही साठवलेला असेल, तर यंत्र इमानदारीने मागच्या महिन्यातल्या निरोगी घशाचं सेटिंग परत आणतं. म्हणून 'रिकॉल सेफ' नावाची सोय असते. त्यात ज्या गोष्टी टाकल्या, त्यांना सीन बदलताना यंत्र हात लावत नाही. गेन जवळजवळ नेहमी त्यात असावा. दुपारी रिकाम्या प्रेक्षागृहात लावलेला आवाज संध्याकाळी खरा उरत नाही, कारण हजार माणसांची अंगं आणि कपडे आवाज शोषून घेतात, विशेषतः वरचे सूर. हाउसफुल बोर्ड लागला की ऑपरेटरने पहिल्या दहा मिनिटांत सगळं पुन्हा कानाने तपासायचं असतं.

कान म्हटलं की अंतराचा प्रश्न येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला सुमारे ३ मिलिसेकंद. वायरमधून जाणाऱ्या विजेला मात्र वेळ लागतच नाही म्हटलं तरी चालेल. बाल्कनीखालच्या रांगांसाठी छताला छोटे स्पीकर लावलेले असतात. रंगमंचापासून ते २० मीटरवर असतील, तर नटाचा मूळ आवाज तिथे पोहोचायला ५८ मिलिसेकंद लागतात आणि स्पीकर त्याआधीच बोलून मोकळा होतो. प्रेक्षकाला नट समोर दिसतो, पण आवाज डोक्यावरून येतो, आणि मागाहून खरा आवाज येऊन शब्दांवर शब्द पडतो. जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी १९४९ साली प्रबंधात दाखवलं, की एकच आवाज थोड्या फरकाने दोन ठिकाणांहून आला तर आपला कान आधी पोहोचलेल्या आवाजाचीच दिशा धरतो, मागून आलेला थोडा मोठा असला तरीही. मग कन्सोलमध्ये त्या स्पीकरला ५८ आणि वर आणखी दहा-पंधरा मिलिसेकंद उशीर लावायचा. आता नटाचा आवाज नटाच्या तोंडूनच आल्यासारखा वाटतो आणि छताचा स्पीकर आहे हेच प्रेक्षक विसरतो. आकडा टाकायला अर्धं मिनिट लागतं. तो टाकलेला नाही अशी प्रेक्षागृहं मी बरीच ऐकली आहेत.

रविवारचं वेळापत्रक माहीत असणाऱ्याला पुढची अडचण सांगायला नको. सकाळी एक नाटक, दुपारी दुसरं, रात्री तिसरं. नेपथ्य उतरतंय, दुसरं चढतंय, आणि मधल्या वेळात माइक तपासायचे. इथे पेनड्राइव्ह मोठा आधार आहे. आपल्या नाटकाची फाइल लावली की सगळे सीन, नावं, सेटिंग हजर. पण एक्स ३२ ची फाइल यामाहाच्या कन्सोलवर उघडत नाही, आणि दौऱ्यात प्रत्येक गावच्या नाट्यगृहात वेगळ्या कंपनीचा कन्सोल असतो. म्हणून परवडतं ते निर्माते आपला कन्सोल बरोबर नेतात. बरोबर यूपीएसही न्यावा. वीज क्षणभर गेली तर ॲनालॉग मिक्सर परत येताच बोलू लागतो. डिजिटल कन्सोल आधी संगणकासारखा सुरू व्हावा लागतो, आणि तोवर रंगमंचावर नट एकटा असतो. आयपॅडवरून मिक्सिंग करता येतं, बाल्कनीत जाऊन डिले आणि इक्वलायझर लावायला ते फार उपयोगी. प्रयोग चालू असताना मात्र फक्त त्याच्यावर विसंबू नये. हजार मोबाइलच्या गर्दीत वायफाय गुदमरतं.

या कामाची कदर करायला जगालाही वेळ लागला. १९७१ साली 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' ब्रॉडवेवर आलं, त्याचा ध्वनी एब जेकब यांनी सांभाळला. नाटकाचा साऊंड डिझायनर ही स्वतंत्र ओळख रुजण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. तरी टोनी पुरस्कारांत ध्वनीचा विभाग आला २००८ साली. २०१४ मध्ये तो बंद केला, रंगकर्मींनी आवाज उठवला, आणि २०१८ च्या सोहळ्यात तो परत आला. आपल्याकडे प्रकाशयोजनाकाराचं नाव जाहिरातीत असतं, आणि ते योग्यच आहे. माइकवर बसणाऱ्याचं नाव तिथे क्वचितच सापडतं.

नावापेक्षाही निकड आहे ती जागेची. आपल्या कित्येक नाट्यगृहांत कन्सोल प्रेक्षागृहाच्या मागे काचेच्या खोलीत असतो, नाहीतर विंगेत. काचेआडच्या माणसाला प्रेक्षक काय ऐकतोय ते कळत नाही, मॉनिटर स्पीकर काय वाजवतोय ते कळतं. विंगेतल्याला नटाचा मूळ आवाज ऐकू येतो, बाहेरच्या स्पीकरचा नाही. लाखो रुपयांचा कन्सोल घेऊन तो काचेआड ठेवणं म्हणजे त्याची निम्मी किंमत वाया घालवणं. कन्सोलची जागा प्रेक्षकांत असते, मध्यभागाच्या आसपास, बाल्कनीच्या छताखाली न शिरता. त्यासाठी चार-सहा खुर्च्या सोडाव्या लागतात, आणि त्या चांगल्या दराच्या रांगेतल्या असतात. व्यवस्थापनाला ते जड जातं हे मी समजू शकतो, पण त्या चार-सहा जागांमुळे उरलेल्या हजार जागांवर नाटक ऐकू येतं. तालुक्याच्या गावी आज जी नाट्यगृहं बांधली जात आहेत, नूतनीकरणासाठी जी बंद आहेत, त्यांच्या आराखड्यात ही जागा आत्ताच आखून घ्यावी, तिथवर केबलची नळी टाकून घ्यावी. खुर्च्या एकदा काँक्रीटमध्ये बसल्या की मग कुणी काढत नाही.